‘फायर एम्ब्लेम’ कुठून सुरू करावं?

प्रश्न : ताई, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, बुद्धिबळाच्या क्लासला जातो. पुण्याच्या मामाने त्याला ‘स्विच’ हा निन्टेंडोचा गेम खेळायचा संच दिलाय आणि ‘फायर एम्ब्लेम’ ही पटावरच्या लढायांची गेम-मालिका खेळ म्हणून सांगितलंय. पण यादी पाहिली तर १९९० पासूनचे गेम! सगळे ओळीने खेळावे लागतात का? आणि त्यात मेलेलं पात्र परत येत नाही म्हणे. मुलगा फार हळवा आहे.
– एक आई, तासगाव

उत्तर : ओळीने खेळायची काही गरज नाही. पहिला गेम १९९० साली जपानमध्ये फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जुन्या संचावर आला, पण जपानबाहेर ही मालिका पोचली ती थेट २००३ मध्ये. म्हणजे बाकीच्या जगानेही मधूनच सुरुवात केली. बऱ्याच गेमचं जग वेगळं, माणसं वेगळी. तो २००३ चा गेम तर आदल्या वर्षीच्या गेममधल्या रॉयच्या वडिलांची गोष्ट सांगतो. मुलाची गोष्ट आधी आली, बापाची नंतर, आणि तरी कुणाचं काही अडलं नाही.

मी तोच सुचवेन, ‘द ब्लेझिंग ब्लेड’. निन्टेंडोच्या ऑनलाइन वर्गणीतल्या ‘एक्स्पान्शन पॅक’मध्ये २०२३ पासून तो स्विचवर मिळतो. सुरुवातीची दहा-अकरा प्रकरणं लिन नावाच्या माळरानावरच्या मुलीची आहेत आणि त्यांत गेम बोट धरून शिकवतो. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. हे त्याला वहीत लिहून ठेवू द्या.

मी सांगलीत मुलांना बुद्धिबळ शिकवते. बुद्धिबळासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात वाढल्यामुळे पट दिसला की मी थांबतेच, आणि हा पट मला परका वाटला नाही. फरक एवढाच की इथे आपल्या पाळीला सगळे मोहरे हलवता येतात आणि प्रत्येक मोहऱ्याला नाव असतं. हल्ल्याआधी एक चौकट उघडते. त्यात दोघांचं बळ, वाराची ताकद, नेम लागायची शक्यता, सगळं दिसतं. वेग चारने जास्त असेल तर एकाच हल्ल्यात दोन वार होतात. मुलं ती चौकट न वाचता बटण दाबतात.

मीही दाबलं होतं. लिनची मैत्रीण फ्लोरिना उडत्या घोड्यावरून लढते. पुढच्या एका प्रकरणात मी तिला एकटीला लांब पाठवलं, एका जखमी शत्रूला संपवायला. पटावर दोनच घरं पलीकडे तिरंदाज उभा होता. उडणाऱ्यांना बाण जास्त लागतो हे मला ठाऊक होतं, पण मी पाहिलंच नाही. ती गेली. त्या संध्याकाळी मी जेवताना गप्प होते. मग ते प्रकरण पुन्हा पहिल्यापासून खेळले, आणि तेव्हापासून प्रत्येक चालीआधी धनुष्य कुठे आहे ते आधी शोधते.

म्हणून तुमचा मुलगा हळवा आहे हे मला अडचणीचं वाटत नाही. ज्याला मोहरा गेल्याचं दुःख होतं तोच मोहरे सांभाळतो. तरी फार त्रास झाला तर २०१९ चा ‘थ्री हाउसेस’ द्या. त्यात ‘कॅज्युअल’ निवडलं की पडलेलं पात्र लढाई संपल्यावर परत येतं, शिवाय चुकलेली चाल काही वेळा मागेही घेता येते. त्यात खेळणारा शिक्षक असतो, तीन घरांपैकी एक निवडतो आणि आठ विद्यार्थ्यांना घडवतो. मला तो फार जवळचा आहे, पण पसारा मोठा. नवख्याला पहिल्याच दिवशी झेपत नाही.

आणखी एक. लिननंतर एलिवुडची, म्हणजे रॉयच्या वडिलांची, गोष्ट सुरू झाली की मार्कस नावाचा वयस्कर सरदार मिळतो. तो एकटाच सगळ्यांना लोळवतो, आणि मग कोवळ्या पोरांना अनुभवच मिळत नाही. मार्कसला वाट अडवून उभं करायचं, शेवटचा वार पोरांना द्यायचा.

गेममध्ये इंग्रजी भरपूर आहे. पहिला आठवडा तुम्ही शेजारी बसा, आणि हल्ल्याआधी ती चौकट त्याला मोठ्याने वाचायला सांगा.