चिऱ्याच्या तीन भिंती आणि चार अँटेना

प्रश्न : आमचं घर गुहागर तालुक्यात, जुनं, चिऱ्याचं. भिंती दीड-दीड फुटाच्या. फायबरचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन ओटीवर आलं आहे, राउटरही तिथेच. मुलगी मागच्या पडवीत बसून ऑफिसचं काम करते, पण तिचा व्हिडिओ कॉल सारखा अडकतो. पावसाळ्यात तर फारच. दुकानदार म्हणतो, चार अँटेनांचा मोठा राउटर घ्या, साडेचार हजारांचा. घेऊ का?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : गुरुजी, पैसे तूर्त खिशातच राहू द्या. आधी मोबाइलवर स्पीड तपासा : एकदा ओटीवर राउटरशेजारी, मग माजघरात, मग पडवीत. ओटीवर नव्वदच्या आसपास आणि पडवीत चार-पाच आलं, तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. दोष भिंतींचा आहे. माजघराची, स्वयंपाकघराची आणि पडवीची अशा तीन भिंती मध्ये येतात. त्यात चिरा सच्छिद्र, पावसात पाणी पितो आणि ओली भिंत सिग्नल आणखी खाते. पावसाळ्यातली तुमची तक्रार त्यामुळे अगदी खरी आहे.

चार अँटेनांनी हे सुटत नाही. राउटर कितीही मोठ्याने ओरडला, तरी मुलीच्या लॅपटॉपचं उत्तर ओटीपर्यंत ऐकू यायला हवं ना! लॅपटॉपची अँटेना तेवढीच राहणार. शिवाय वेगवान असलेला ५ गिगाहर्ट्झचा बँड (वायफायच्या लहरींचा पट्टा) जाड भिंतीपुढे लवकर मान टाकतो. २.४ चा जरा लांब जातो, पण तो हळू. माजघरात रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र) लावावा, तर तोही भिंतीपलीकडून आलेलं अर्धमेलं सिग्नलच पुढे ढकलणार.

म्हणून केबल ओढा. ओटीवरच्या राउटरपासून माळ्यावरून, वाशांच्या कडेने, थेट पडवीपर्यंत. इथे घाई नको. कॅट-६ (नेटवर्कच्या तारेचा एक प्रकार) केबल मागितली की पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार हातात पडते. दुकानातच एक टोक सोलून घ्या आणि आतली तार ब्लेडने खरवडा. आतपर्यंत लालसर निघाली तर तांबं, पांढरी चकाकी दिसली तर परत द्या. माळ्यावर उंदीर असणारच (कोकणात कुणाच्या नसतात?), तेव्हा केबल पीव्हीसी पाइपातूनच न्या. पागोळ्यांखालून बाहेरून मात्र नेऊ नका. जवळपास वीज पडली तर तांब्याच्या तारेतून झटका येऊन दोन्ही टोकांची यंत्रं जाऊ शकतात.

पडवीत दुसरा, साधा ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही असलेला) राउटर पुरे. खोक्यावर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (केबलने आलेलं नेट नुसतं वायफायने वाटायची सोय) लिहिलेलं बघा, आणि पुढे १०० एमबीपीएसपेक्षा मोठा प्लॅन घ्यायचा असेल तर पोर्ट (केबल खोचायच्या जागा) ‘गिगाबिट’, म्हणजे १००० एमबीपीएसचे, आहेत ना तेही. तो मोड नसला तरी अडत नाही. त्या राउटरचं डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम) बंद करा, पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरून नेट आत घ्यायच्या) पोर्टात न घालता लॅनमध्ये (घरातल्या यंत्रांसाठीच्या पोर्टात) घाला. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा, म्हणजे मोबाइल बहुतेक वेळा आपणहून जवळचा धरेल. २.४ चं चॅनेल मात्र वेगळं : एकावर १, दुसऱ्यावर ११. सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडा, आणि सेटिंगमध्ये शिरण्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला.

पडवीतला राउटर फ्रीजच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नका, उघड्यावर उंच लावा. लाइट गेली की कॉल तुटू नये म्हणून राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना ॲडॅप्टरवरचे व्होल्ट बघून त्याच आकड्याचा घ्या. ॲम्पिअर तेवढेच किंवा जास्त चालतील. आणि ओटीवरच्या राउटरला आणि फायबरच्या खोक्यालाही यूपीएस लावा, नाहीतर पडवीत वायफाय दिसेल, नेट नसेल.