खालचं आधी : ग्राउंड ड्युटी घ्यावी की नाही विचारणाऱ्या पोरीला

अगं पोरी,

मेसेज वाचला तुझा. सीपीएसएस, म्हणजे पायलट निवडीची कॉम्प्युटरवरची चाचणी, गेली, ती आयुष्यात एकदाच देता येते, निवड बोर्डाने ग्राउंड ड्युटीला, म्हणजे एअर फोर्समधल्या जमिनीवरच्या कामाला, रेकमेंड केलंय आणि आता तू विचारतेस घेऊ का सोडू, कारण "सर, खरी एअर फोर्स तर वर असते ना". धीर-बिर देत बसत नाही, तेवढी खंबीर आहेस तू. पण ते वाक्य माझ्या डोक्यात गेलंय, म्हणून आज डाउडिंगचं ऐकून घे.

ह्यू डाउडिंग. 1940 च्या उन्हाळ्यात जर्मन विमानं इंग्लंडवर तुटून पडली तेव्हा आरएएफच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या, फायटर कमांडचा प्रमुख. मूळचा तोफखान्यातला, 1913 मध्ये विमान चालवायला शिकला, पहिल्या महायुद्धात स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, सांभाळली, म्हणजे पायलटच की. पण जिंकला तो खाली जे उभं केलं त्याच्या जोरावर. 1935 मध्ये वॉटसन-वॅट नावाचा शास्त्रज्ञ म्हणाला रेडिओ लहरींनी विमान शोधता येईल, तेव्हा संशोधनाचं खातं डाउडिंगकडे होतं, हा म्हणाला आधी करून दाखव मग पैसे. फेब्रुवारीत डॅव्हेंट्रीजवळ एक हेफोर्ड बॉम्बर उडवला, बीबीसीच्या ट्रान्समीटरच्या लहरी त्यावरून परतलेल्या दिसल्या, पैसे सुटले. पुढच्याच वर्षी फायटर कमांड त्याच्या हातात आली.

आता नीट वाच. ते लहरींनी विमान शोधणं म्हणजेच रडार, पण नुसतं रडार काही करत नाही. चेन होम म्हणजे किनाऱ्यावरची रडार स्टेशनं, त्यांचे टॉवर समुद्राकडे बघायचे, विमान जमिनीवर आलं की पुढे ऑब्झर्व्हर कोरची माणसं, डोळे, कान आणि दुर्बीण. रडारची माहिती फोनवरून बेंटली प्रायरीला, फायटर कमांडच्या मुख्यालयात, फिल्टर रूममध्ये यायची, दोन स्टेशनांनी सांगितलेली टोळी एकच की दोन हे तिथे ठरायचं, मग ग्रुपला म्हणजे विभागाच्या मुख्यालयाला, मग त्याखालच्या सेक्टरला, तिथे टेबलावर मोठा नकाशा, त्यावर ठोकळे सरकवणाऱ्या तुझ्याच वयाच्या पोरी, आणि कंट्रोलर रेडिओवर पायलटला सांगणार की इकडे वळ, एवढ्या उंचीवर जा. त्यामुळे उगाच गस्त घालून पेट्रोल आणि पोरं दमवायची वेळ आली नाही. हे सगळं काही मिनिटांत व्हायचं, 1940 मध्ये, कॉम्प्युटर नसताना! हे नसतं तर ती लाडकी स्पिटफायर फायटर विमानं आभाळात आंधळी कोशिंबीर खेळत बसली असती.

खालचं आधी. परत सांगतो, खालचं आधी.

आणि ते टिकवायला नकार द्यावा लागतो. मे 1940 मध्ये फ्रान्स कोसळत होता, चर्चिल आणखी फायटर पाठवायला निघाला होता. डाउडिंगने 16 मे ला एअर मिनिस्ट्रीला पत्र लिहिलं, देशाच्या बचावाला 52 स्क्वाड्रन लागतील असं तुमचंच म्हणणं होतं, आता 36 उरल्यात, सांगा किती ठेवणार? आरडाओरडा नाही, आकडे. हाच माणूस पायलटसमोर बुलेटप्रूफ काच हवी म्हणून भांडला, लोक हसले, तर म्हणाला शिकागोच्या गुंडांच्या गाड्यांना मिळते मग माझ्या पोरांना का नको. स्वतःचा मुलगाही त्याच लढाईत उडत होता.

पुढचं तुला माहीत असेलच, नोव्हेंबर 1940 मध्ये काढलं त्याला. बऱ्याच स्क्वाड्रनची मोठी विंग एकत्र करून लढावं म्हणणारा त्याच्याच हाताखालचा अधिकारी ली-मॅलरी जास्त बोलका निघाला, रात्रीच्या हल्ल्यांवर डाउडिंगकडे उत्तर नव्हतं हेही खरं, आणि स्वभावही असा की सगळे स्टफी, म्हणजे रुक्ष, म्हणायचे. 1941 मध्ये सरकारने त्या लढाईवर पुस्तिका काढली त्यात त्याचं नावसुद्धा नव्हतं.

मग काय उपयोग, म्हणशील तू. तिथेच तुझं चुकतंय, बाई! नावासाठी करायचं असेल तर फ्लायिंगसुद्धा करू नकोस. मला अजून लग्नकार्यात विचारतात, काका तुम्ही कुठलं विमान उडवायचात, मी म्हणतो मी उडवत नव्हतो, कंट्रोलर होतो, मी आणायचो परत. हसतात लोक. हसू देत. खराब हवेत, इंधन संपत आलेल्या पोराला माझ्या आवाजावर खाली यायचं असायचं, त्याला विचार खरी एअर फोर्स कुठे होती. आमच्यातल्या एका साहेबांनी कंट्रोलरना "टेलिफोन ऑपरेटर" म्हटलेलं मी आजही विसरलेलो नाही, आणि विसरायचा विचारही नाही. हे मी माझं समर्थन करतोय असं वाटत असेल तर वाटू दे. वेळ पडली की वर्दी घातलेला प्रत्येक जण खालच्याच आवाजाची वाट बघतो, मग ते बांधणारा दुय्यम कसा?

तुझं गणित चांगलंय, आवाज शांत आहे, आणि दोन गोष्टी एकदम डोक्यात ठेवता येतात तुला, मी पाहिलंय. फायटर कंट्रोलरला आणखी काय लागतं?

तेव्हा घे. आणि मेडिकलच्या आधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घे, डेंटल पॉइंट, म्हणजे दातांचे गुण, किमान 14 लागतात तेही मोजून घे, असल्या फालतू कारणावरून टेम्पररी अनफिट होऊन माझ्याकडे येऊ नकोस.