खबर आणि अर्ज: हत्तीच्या नुकसानीत तीन दिवस मोजायचे कसे?

दोडामार्ग तालुक्यातल्या एका बागायतदारांचं पत्र आहे. हत्तींनी एका रात्रीत केळी झोपवल्या, माड पाडले, पोफळी मोडल्या. सकाळी वनरक्षक पाहून गेले. यांनी मजूर लावून बाग साफ केली आणि अर्ज दिला अठराव्या दिवशी. तो मुदतबाह्य म्हणून परत आला. आता ‘हत्ती सरकारचे, मग नुकसान आम्ही का सोसायचं?’ म्हणत त्यांना दावा लावायचाय.

2002 मध्ये हत्ती कर्नाटकातून या भागात उतरले, तेव्हापासून गावोगाव हाच प्रश्न आहे आणि त्यातला राग मला रास्त वाटतो. पण दावा तूर्त बाजूला ठेवा. त्यात काय हाती लागेल सांगता येत नाही आणि तारखांवर तारखा पडत बाग पुन्हा उभी राहील.

तुमचं सगळं त्या तीन दिवसांवर अडलंय. पीकनुकसानीची खबर तीन दिवसांत जवळच्या वन कर्मचाऱ्याला द्यायची असते. वनरक्षक दुसऱ्याच दिवशी बागेत उभे होते, म्हणजे खबर मुदतीत पोचली. उशीर झाला तो कागदाला. हा मुद्दा टिकण्यासारखा आहे, पण पुरावा हवा. वनरक्षकांची त्या दिवसाची दैनंदिनी आणि हत्ती हाकारणाऱ्या पथकाची नोंद माहिती अधिकारात आजच मागा. उत्तराची मुदत 30 दिवस आहे. नकला हातात आल्या की उपवनसंरक्षकांकडे लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या.

पंचनाम्याआधी बाग साफ करायला नको होती. पडलेले माड हाच तुमचा पुरावा होता, तो तुम्हीच हटवलात. इतकी वर्षं हत्ती येताहेत, तरी दर हंगामात अशीच पत्रं येतात! त्या सकाळचे मोबाइलवरचे फोटो, मजुरीच्या नोंदी, शेजाऱ्यांचे जबाब, जे उरलंय ते जमवा. त्यावर किती रक्कम मंजूर होईल, हे मी सांगू शकत नाही.

कुंपणात वीज सोडू का, असंही विचारलंय. मुळीच नको. हत्ती अनुसूची 1 मधला, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेला प्राणी आहे. तो मेला तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली 3 ते 7 वर्षं कैद होऊ शकते. आणि त्या तारेला उद्या शेजारचं पोरही चिकटेल.

सातबारा सामायिक असेल तर बाकी हिस्सेदारांची संमतीपत्रं मागितली जाण्याची शक्यता आहे. मुंबईला असतील त्यांना आजच फोन करा.