शिक्का गेला, मोजणी आली

प्रश्न : मुलगी जर्मनीत आखेनला मास्टर्स करतेय, आम्ही दोघं तिच्याकडे जाणार, फ्लाइट मुंबई-अ‍ॅमस्टरडॅम. आता युरोपात पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, रजिस्ट्रेशन लागतं म्हणे, आणि आमचा एजंट त्याचे माणशी वेगळे पैसे मागतोय. द्यायचे का? मुलीलापण करावं लागेल का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, एक रुपयासुद्धा देऊ नका. या सिस्टिमचं नाव ईईएस, म्हणजे एंट्री/एग्झिट सिस्टिम, १२ ऑक्टोबर २०२५ ला शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या) २९ देशांत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि पूर्ण लागू व्हायची तारीख होती १० एप्रिल २०२६. नोंदणी तिथे बॉर्डरवरच होते, फुकट होते. तुमच्या बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळी व्हीएफएसला (व्हिसा अर्ज केंद्रात) दिलेत तेच चालतात, म्हणून तुमचा फक्त फोटो काढतील, पासपोर्ट स्कॅन करतील, झालं. एजंट कदाचित एटियासबद्दल बोलत असेल, पण ती आधी घ्यायची ऑनलाइन परवानगी, ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी आहे, आपल्या पासपोर्टला तिचा काही संबंध नाही.

हे सगळं अ‍ॅमस्टरडॅमलाच होणार कारण शेंगेनमध्ये पाय तिथे पडतो, तेव्हा पुढे कनेक्टिंग फ्लाइट घेतली असेल तर मधे चांगला वेळ ठेवा, रांगा लांब असतात.

आता खरी गोष्ट. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचं हा नियम जुनाच आहे, पण पूर्वी ऑफिसर पुसट शिक्के बघत बोटांवर हिशोब करायचा, आता कॉम्प्युटर करतो आणि तो विसरत नाही. उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस दोन्ही धरतात हं! आणि व्हिसाच्या स्टिकरवर तारखा लांबच्या दिसल्या तरी खाली 'ड्युरेशन ऑफ स्टे' मध्ये ३० लिहिलं असेल तर तुम्हाला ३०च, तिकडे नव्वद मिळत नाहीत, इथेच बरेच आईबाबा फसतात. "लेक म्हणतेय अजून आठवडाभर राहा" असं करून राहिलात तर पुढच्या व्हिसाला उत्तर देत बसावं लागेल, तुमच्या येण्या-जाण्याची नोंद एरवी ३ वर्षं राहते, बाहेर पडल्याची नोंदच नसेल तर ५.

मुलीकडे लाँग स्टे व्हिसा किंवा जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड आहे ना, मग तिला ईईएस नाही. फक्त सुट्टीवरून परत जाताना पासपोर्टसोबत कार्डपण काउंटरवर ठेवायला सांगा, नाहीतर तिला टुरिस्ट म्हणून टाकतील आणि दिवस मोजायला लागतील.

प्रश्न : भावाकडे आणि त्याच्या आठ वर्षांच्या मुलाकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. त्यांचं काय? आम्ही सगळे आधी डब्लिनला भेटणार आहोत.
– वाचक, पुणे

उत्तर : भावाचे पहिल्या वेळी फोटो आणि चार बोटांचे ठसे, मुलाचा फक्त फोटो, बारा वर्षांखालच्यांचे ठसे घेत नाहीत. डब्लिनला यातलं काहीच नाही, आयर्लंड ईईएसमध्ये नाही. पण तुम्हाला तिथला व्हिसा वेगळा लागेल, शेंगेनवर चालत नाही.