“सांगितलं तर हजेरी जाईल ना, मॅडम?”

“पाठ दुखते म्हणून सांगितलं तर ठेकेदार म्हणणार, उद्यापासून येऊ नको. मग सांगायचं कशाला?” ठाणे शहरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येत असतो. त्यातल्याच एकाची ही हकिकत, ओळख पटू नये इतपत बदलून.

वय 34, राहायला कळव्याला, काम भिवंडीजवळच्या गोदामात. गाडी खाली करायची, खोकी रॅकला लावायची. त्याला बायको घेऊन आली होती, आणि तिची तक्रार पाठीची नव्हतीच. “हे घरात बोलत नाहीत, पोरगा अंगावर आला की ढकलून देतात.” मी त्याला पाण्याची बाटली दिली. ती घ्यायला त्याने हात नाही, अख्खं अंग वळवलं. शर्टाखाली रुंद पट्टा होता, दोन महिने आवळलेला.

पट्टा बांधला की पाठ वाचते, असं सगळ्या गोदामांत मानतात. तसा भरवशाचा पुरावा नाही. माणसाला उगाच धीर येतो, एवढंच.

“बाबांनी वाशीच्या मार्केटात 50 किलोच्या गोण्या वाहिल्या. मी खोक्यांना रडू?” यावर बायको हसली. सासरे आजही रात्री विटेचा शेक घेतात म्हणे. शिवाय बाबा माथाडी, म्हणजे नोंदणी असलेले हमाल; त्यांच्यामागे हमालांची टोळी होती, 1969 चा माथाडी कायदा होता, माथाडी बोर्ड होतं. याच्यामागे ठेकेदाराचा फोन नंबर. तुलना करायचीच तर तीही करावी.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे आधी तपासणीला धाडलं. जांघेत बधिरपणा, पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काही असतं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायला लावलं असतं. तसं नव्हतं. डॉक्टरांनी काही दिवस वजन बंद केलं, पण अंथरुणाला खिळू नका, चालत राहा, असं बजावलं.

मग भीतीकडे वळलो. पगाराची चिठ्ठी मागवली तर ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची, कपात दर महिन्याला होत होती, कार्ड मात्र कधी वापरलंच नव्हतं. कामावरच्या दुखापतीने सुट्टी पडली आणि ती मान्य झाली, तर सरासरी रोजाच्या सुमारे 90 टक्के मिळतात. पण कधी, काय उचलताना लचक भरली, याची नोंद नसेल तर ते सिद्ध करताना नाकी नऊ येतात. म्हणजे हजेरी वाचवायला दुखणं लपवावं, तर हाच आधार निसटतो. हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला.

पुढच्या भेटीत मी पाच लिटरचा कॅन त्याला छातीशी धरायला लावला, मग हात लांब करून. दहा सेकंदांत म्हणाला, “कळलं.” वजन तेच, पण अंगापासून जितकं दूर तितका कंबरेवर ताण जास्त. त्याच्याकडची 25 किलोची खोकी सगळ्यात खालच्या फळीवर, हलकी मात्र मधल्या. वाकायचं, वर उचलताना वळायचं, दिवसभर हेच.

मग सुपरवायझरशी काय बोलायचं, याची तालीम केली. “माझी पाठ गेली” असं नाही. “साहेब, जड माल कंबरेच्या फळीवर घेऊ, हलका खाली. उचलायला बरं पडेल, खोकीही कमी फुटतील.” आणि एकट्याने नाही, तिघांनी मिळून. पाठ त्या तिघांचीही दुखत होती, एकमेकांना कुणी सांगितलं नव्हतं इतकंच.

सुपरवायझरने दोन रॅक बदलले. तिसरा “बघू” म्हणून तसाच राहिला. ढकलगाडी अजून एकच, तिचं एक चाक अडकतं.

परवा दोघं आले. पट्टा खुंटीला आहे, पोरगा मांडीवर. बायकोची तक्रार मात्र संपलेली नाही. “भरलेला सिलिंडर अजून एकटेच आत घेतात, ताई.”

“उचलत नाही,” तो म्हणाला, “बुडाच्या कडेवर फिरवत नेतो.”