कुमार गंधर्व ऐकायचेत ना?

अरे, पहिल्याच दिवशी तासाभराच्या ख्यालात (म्हणजे रागाच्या लांबलचक मांडणीत) उडी घेऊ नकोस. मी घेतली होती, दहा मिनिटांत घोरायला लागलो. आधी वाणी जयराम यांच्यासोबतचं 'ऋणानुबंधाच्या' ऐक, मग 'उड जायेगा हंस अकेला'. हे दुसरं रात्री, दिवा मालवून. नुसत्या तंबोऱ्यांकडे कान दे. इतके जुळलेले तंबोरे मला क्वचितच कुठे भेटले.

क्षयामुळे कुमार गंधर्वांचं गाणं काही वर्षं बंद होतं, देवासला अंथरुणावर पडून होते. नंतरच्या गाण्यात तुकडे छोटे, मध्येच थांबणं. सुरुवातीला मला ते खटकायचं, आता त्या थांबण्यासाठीच ऐकतो. भीमसेनांशी तुलना इतक्यात नकोच (आमच्या घरी त्यावरून भांडणं झालीत!). 'गीतवर्षा', म्हणजे त्यांची पावसाच्या गाण्यांची मैफल, मात्र पावसाळ्यापर्यंत राखून ठेव.