व्हॅनिला चहा: पहिल्या कपाआधी

भाऊ, व्हॅनिलाचा वास असलेल्या पत्तीचा हा चहा टपरीवरच्यासारखा रटरट उकळायचा नाही. व्हॅनिलाचा वास वाफेबरोबर उडतो आणि कपात उरतो नुसता काढा.

२०० मिली पाणी उकळा, गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. २ ग्रॅम पत्ती, म्हणजे सपाट चमचाभर, टाकून झाकण ठेवा. ३ मिनिटांनी गाळा. ५ मिनिटांवर गेलात की जीभ आखडते. तो दोष पत्तीतल्या टॅनिनचा, म्हणजे तुरट द्रव्याचा, व्हॅनिलाचा नाही.

पहिला घोट बिनसाखरेचा, जरा निवल्यावर. व्हॅनिलाला स्वतःची गोडी नसते, गोड वाटतो तो वास. खात्री करायची तर नाक चिमटीत धरून घोट घ्या, गिळा आणि मग चिमूट सोडा. गोडवा तेव्हाच उमटतो. तर्री-पोह्यांनंतर लगेच चव बघायला बसू नका. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाल्ला असेल तर विषयच संपला.

दूध हवंच असेल तर पत्ती ३ ग्रॅम घ्या आणि गरम दूध वरून, ३०-४० मिली. आलं-वेलची नको, व्हॅनिला दबते.

डबा घट्ट झाकणाचा, मसाल्याच्या फळीपासून लांब. पत्ती आजूबाजूचा वास ओढते. सावजी मसाल्याशेजारी ठेवलात तर चहालाही तोच वास येणार.

मे महिन्यात गरम कप नकोसा होतो. अर्धा लिटर गार पाण्यात ५ ग्रॅम पत्ती, फ्रिजमध्ये ८ तास. कडवटपणा फारसा उतरत नाही. संत्र्याची साल टाकायचा मोह होईलच. एकच पातळ तुकडा, तोही गाळल्यावर.